मधुमेहींच्या पायाची जखम : भक्षक पेशींना दाहाकडून दुरुस्तीकडे कसे वळवावे

पायाला जखम झाली की पहिल्या काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात, जंतूंशी लढतात आणि थोड्याच अवधीत मरतात. त्यांच्यामागून, साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी जमतात. जीवशास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि त्याभोवती गोळा होणाऱ्या पेशी पाहिल्या. तेव्हापासून या पेशींची ओळख ‘खाणाऱ्या’ अशी झाली. परंतु खाणे हे त्यांचे निम्मेच काम आहे. आरंभी दाह (लाली, सूज, उष्णता) पेटवणाऱ्या याच पेशी, मेलेले न्यूट्रोफिल गिळून झाले की आपला स्वभाव पालटतात आणि दाह शमवणारे व नव्या ऊतीला चालना देणारे रासायनिक संकेत सोडू लागतात.

मधुमेहात हा पालट अडतो. वाढलेली साखर, जखमेतले मृत मांस, जंतूंचा थर आणि दर पावलागणिक बसणारा दाब यांमुळे भक्षक पेशींना लढाई चालूच असल्याचा निरोप मिळत राहतो आणि त्या आठवडेच्या आठवडे दाहाच्याच अवस्थेत राहतात. प्रयोगशाळेतल्या बशीत इंटरल्यूकिन-४ हे पेशींना संकेत देणारे प्रथिन घातले की या पेशी दुरुस्तीच्या बाजूला झुकतात, हे खरे. पण घरी आपल्या हाती असा हुकूम नसतो. आपण इतकेच करू शकतो की त्यांना भडकवणारी कारणे एकेक करून दूर करावीत.

आधी डॉक्टरांना पाय दाखवावा. पायाला रक्त पुरेसे पोहोचते का आणि जखम हाडापर्यंत गेली आहे का, हे घरी कळत नाही. रक्तपुरवठाच तुटपुंजा असेल तर पुढचे सारे उपाय लंगडे पडतात. ताप, जखमेभोवती पसरत जाणारी लाली, दुर्गंधी, काळे पडलेले बोट किंवा अचानक चढलेली साखर यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

त्यानंतर सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे जखमेवरचा भार काढणे. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांच्या लक्षात आले की, रुग्णांच्या पायांचा नाश मांस आपोआप कुजल्याने होत नसून, वेदना न कळल्यामुळे त्याच जागी पुनःपुन्हा इजा होत राहिल्याने होतो. मधुमेहात संवेदना गेलेल्या तळपायाचीही हीच गत असते. निरोगी माणूस खडा टोचला की लंगडतो, आणि ते लंगडणेच त्याचे औषध असते. या रुग्णाला मात्र दुखतच नसल्याने तो जखमेवर सरळ चालत राहतो, आणि प्रत्येक पाऊल दाहाला नवे इंधन पुरवते. म्हणून तळपायाच्या जखमेसाठी डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे, पायाला सर्व बाजूंनी बेतलेले प्लास्टर सुचवतात. ते रुग्णाला काढता येत नाही, आणि माझ्या मते त्याचा खरा गुण हाच आहे, कारण काढता येणारा बूट ‘जरा मोरीपर्यंतच जायचे आहे’ म्हणून हमखास कोपऱ्यात राहतो. संसर्ग असेल किंवा रक्तपुरवठा फारच कमी असेल, तर मात्र असे प्लास्टर चालत नाही.

दुसरे काम जखम स्वच्छ ठेवण्याचे. मृत मांस आणि कडेचा जाड घट्टा शल्यचिकित्सकाकडूनच काढून घ्यावा; घरी ब्लेड किंवा नेलकटर लावू नये. मृत मांस गेले की भक्षक पेशींचा उपसण्याचा भार कमी होतो. रोजच्या धुण्यासाठी सलाइन म्हणजे मिठाचे निर्जंतुक पाणी पुरेसे असते. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नये, कारण ते जंतूंबरोबर नव्याने उगवणाऱ्या पेशीही मारते. जखम उघडी ठेवून ‘सुकवावी’ हा समजही सोडून द्यावा : संशोधक जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले की ओलसर झाकलेल्या उथळ जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने येते. कोरड्या खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते, ओलाव्यात त्या सहज सरकतात. मात्र ओलसर म्हणजे चिंब नव्हे. भोवतालची कातडी पांढरी व पिचपिचीत होऊ लागली, तर जास्त शोषणारे ड्रेसिंग मागून घ्यावे. कोरडे, काळे पडलेले बोट मात्र आपण होऊन ओले करू नये. त्याचा निर्णय डॉक्टरांचा. हळदीविषयी विचारले जातेच. तिच्यातील कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करते, तरी डब्यातली हळद निर्जंतुक नसते, त्यामुळे ती जखमेत भरू नये. चुना, कॉफीची पूड आणि टूथपेस्ट यांबद्दल तर बोलायलाच नको.

साखर आटोक्यात ठेवण्याचे उपाय रुग्णाला ठाऊक असतात. आहारात प्रथिने वाढवावीत : मूत्रपिंड ठीक असेल तर ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला ७५ ते ९० ग्रॅम प्रथिने सुचवली जातात, आणि ती केवळ वरण-भातावर भरून निघत नाहीत, अंडी, मासे, दही, पनीर, उसळी यांची जोड लागते. तंबाखू आणि मिश्री बंद करावी, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. दाह वाईट म्हणून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड घेऊ नये; त्याने पहिली आवश्यक लढाईच मोडते आणि साखरही चढते. पूर्वीपासून चालू असलेले स्टेरॉइड मात्र विचारल्याशिवाय थांबवू नये.

पेशी वळल्या की नाहीत, हे जखमच सांगते. पिवळट बुळबुळीत थर जाऊन तळाशी लालसर दाणेदार मांस दिसू लागले आणि स्राव कमी झाला, तर दिशा बरोबर आहे. दर आठवड्याला त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. चार आठवड्यांत जखमेचे क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर तीच मलमपट्टी पुढे रेटण्याऐवजी भार, रक्तपुरवठा आणि हाडाचा संसर्ग यांची नव्याने तपासणी करून घ्यावी.

जखम भरली तरी तेथील ऊती मूळच्या इतकी मजबूत होत नाही, आणि भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के जखमा वर्षभरात पुन्हा उघडतात. म्हणून मऊ तळाची एमसीआर (सूक्ष्म छिद्रे असलेल्या रबराची) चप्पल घरातही वापरावी, आणि नवरात्रात अनवाणी राहण्याचा नेम असेल तर तो देवाची क्षमा मागून सोडावा. रोज रात्री आरशात तळपाय पाहावेत व दोन्ही पायांच्या त्याच जागी हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावा. त्वचेचा तापमापक असेल तर उत्तमच. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसहून अधिक गरम लागत असेल, तर कातडी अखंड दिसत असली तरी चालणे कमी करून डॉक्टरांना कळवावे.