उडणाऱ्या राक्षसाला ट्रिप कसं करावं?

समजा, फासे टाकून खेळायच्या रोलप्लेइंग खेळातली मोहीम आपल्या सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात चाललीय. तटावर तीस फूट उंचीवर वायव्हर्न (ड्रॅगनसारखा, पंखांचा आणि नांगीचा राक्षस) घिरट्या घालतोय आणि फायटर, म्हणजे लढवय्याचं पात्र खेळणारा, म्हणतो, "मी याला ट्रिप करतो." ट्रिप म्हणजे अडखळवून पाडणं. लगेच टेबलावर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, हवेतल्याचे पाय कुठे टेकलेत की तो अडखळेल? दुसरा फासे हातात घेऊन तयारच. वाद असा मिटवावा.

आधी खेळ आणि आवृत्ती विचारा. निम्मी भांडणं इथेच संपतात. पाथफाइंडर या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत (२००९) उडणाऱ्याला ट्रिप करताच येत नाही, मग पुढचं बोलणंच नको. दुसऱ्या आवृत्तीत येतं, आणि पडणाऱ्याला सावरायची संधीही मिळते. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत (२०१४) तशी बंदी नाही. पुढचं सगळं त्याच आवृत्तीचं.

मग अंतर आणि आकार बघा. 'शव्ह' करायचं, म्हणजे ढकलून पाडायचं, तर हात पोचायला हवा आणि समोरचा आपल्यापेक्षा फार तर एकच आकार मोठा हवा. वायव्हर्न लार्ज, माणूस त्याच्या एक पायरी खाली मीडियम, म्हणजे आकार चालतो. पण तीस फुटांवर हात कसला पोचतोय! बॅटल मास्टर या प्रकारच्या फायटरचं 'ट्रिप अटॅक' मात्र बाण लागल्यावरही वापरता येतं: लार्ज किंवा त्याहून लहान प्राण्याचा स्ट्रेंथ सेव्ह (ताकदीने सावरायचा फासा) चुकला की तो प्रोन, म्हणजे आडवा.

आता खरा प्रश्न: तो हवेत कशाच्या जोरावर आहे? ही पायरी लोक हमखास विसरतात आणि पायांवरून भांडत बसतात. नान्नजचा माळढोक असो की वायव्हर्न, पंखांच्या जोरावर उडणारा प्रोन झाला की पडणारच. नियमपुस्तकात ज्याच्या वेगापुढे 'हॉवर' (जागीच तरंगणं) लिहिलंय, उदाहरणार्थ बिहोल्डर हा बहुनेत्री राक्षस, तो पडत नाही. 'फ्लाय' मंत्रावर तरंगणाराही पडत नाही. एअर एलिमेंटल (वाऱ्याचाच बनलेला जीव) तर प्रोन होतच नाही, त्याच्यावर डाव वाया घालवू नका.

पडला तर दर दहा फुटांना एका डी६ची, म्हणजे सहा बाजूंच्या फाशाची, इजा; जास्तीत जास्त वीस फासे. तीस फुटांचे तीन डी६, म्हणजे सरासरी साडेदहा. ११० हिट पॉइंटच्या (इजा सोसायच्या गुणांच्या) वायव्हर्नला हा ओरखडाच, त्यामुळे फक्त इजेसाठी ट्रिप करणं मला तरी पटत नाही. फायदा पुढे आहे: तो जमिनीवर प्रोन असेपर्यंत पाच फुटांतल्या प्रत्येकाच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. उलट लांबून बाण मारणाऱ्याला डिसॲडव्हांटेज (दोनातला लहान), तेव्हा तिरंदाजाने जरा दम धरावा.

त्याची पाळी आली की अर्धा वेग खर्चून तो उठेल आणि उरलेल्या वेगात पुन्हा उडेल. म्हणून त्याआधीच कुणीतरी धावत जाऊन त्याला ग्रॅपल करावं, म्हणजे धरून ठेवावं. त्याने वेग शून्य होतो, आणि वेग शून्य झाला की उठताही येत नाही. सुटायचं तर त्याला आख्खी ॲक्शन (पाळीतली मुख्य कृती) घालवावी लागते, आणि तेवढी पाळी त्याची नांगी शांत.