घरच्या वर्कशॉपसाठी सँडब्लास्टिंग कॅबिनेट कसं बांधायचं

सँडब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने घासणारे बारीक कण (ग्रिट) वस्तूवर मारून गंज आणि रंग काढणं. कॅबिनेटमध्ये हे काम बंदिस्त जागेत, भिंतीत बसवलेल्या मोज्यांत हात घालून करता येतं.

सगळ्यात आधी: वाळू नको. नावात ‘सँड’ असलं तरी नदीची, समुद्राची, कुठलीही वाळू यात भरायची नाही. तिच्यातल्या सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. गंज आणि जुना रंग काढायला ८० नंबरचं ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा गार्नेट, ॲल्युमिनियमचे भाग उजळायला ग्लास बीड, म्हणजे काचेचे बारीक मणी. ‘एकदाच तर करायचंय, चाळलेली वाळू चालते’ असं सांगणाऱ्याचं बाकीचंही काही ऐकू नका.

दुसरं, कॉम्प्रेसर. सायफन गन म्हणजे हवेच्या ओढीने खालून ग्रिट खेचणारी गन. तिचा आतला जेट (हवेचं बारीक तोंड) २.५ मिमीचा असेल तर ८० ते ९० पीएसआय दाबाला १० ते १२ सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट) हवा सतत लागते. एका एचपीमागे साधारण ३.५ ते ४ सीएफएम मिळते, म्हणजे ३ एचपीच्या खाली जाऊ नये. मोठी टाकी लावून लहान कॉम्प्रेसर भागत नाही. टाकी फक्त पहिली काही मिनिटं निभावते. वाटेत पाणी अडवणारा फिल्टर हवाच, नाहीतर ओलसर ग्रिटच्या गुठळ्या होतात.

पेटी

९०० मिमी रुंद, ६०० खोल, ६०० उंच. १८ मिमी प्लायवूड किंवा १.६ मिमी पत्रा, दोन्ही चालतात. सगळे सांधे आतून सिलिकॉन सीलंटने भरा. ग्लास बीड फटीतून पाण्यासारखे झिरपतात. दार बाजूला घ्या आणि चारही कडांना फोम गॅस्केट लावा. पुढून उघडणारं दार दिसायला सोयीचं, पण दर वेळी कडेवर साठलेला ग्रिट पायावर सांडतो.

हातमोज्यांची भोकं मध्यापासून मध्य ४५० मिमी अंतरावर, वस्तू ठेवायच्या तळाच्या जाळीपासून २५० मिमी वर. भोकात १५० मिमी पाइपचा तुकडा बसवून त्यावर मोजा चढवा आणि होज क्लॅम्पने आवळा. खिडकीला ६ मिमी लॅमिनेटेड काच लावा आणि तिच्या आतून बदलता येणारी पातळ पारदर्शक फिल्म. फिल्मशिवाय काच थोड्याच वापरात दुधाळ होते. दिवे पेटीच्या बाहेर, छताला बसवलेल्या वेगळ्या काचेवर.

हॉपर

हॉपर म्हणजे जाळीखालचं नरसाळं, वापरलेला ग्रिट घसरून त्याच्या तळाशी जमतो. इथे जवळजवळ सगळे नकाशे एकच चूक करतात. उतार भिंतीचा मोजतात, पण ग्रिट अडकतो तो दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्याच्या घळीत, आणि घळीचा उतार भिंतीपेक्षा नेहमी कमी असतो. दोन्ही भिंती ४५ अंशात असतील तर घळ जेमतेम ३५ अंशांची होते. ९०० × ६०० च्या पेटीखाली ३०० मिमी खोल हॉपर लावलात तर घळ २९ अंशांवर येते आणि तुम्ही आयुष्यभर पेटीला बुक्क्या मारत बसाल. खोली ५४० मिमी ठेवा, घळ ४५ अंशांची मिळते. हॉपरचं तळ जमिनीपासून २५० मिमीवर धरलं तर हात मीटरभर उंचीवर येतात, म्हणजे उभ्याने काम करायला बरोबर.

हवा

कॅबिनेट म्हणजे पेटी नव्हे, हवेचं यंत्र आहे. बहुतेक घरगुती कॅबिनेट इथेच फसतात: गन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात आतलं काही दिसेनासं होतं, मग लोक दिवे वाढवतात. दिव्यांनी काही होत नाही, धुकं जास्त उजळ दिसतं एवढंच.

गन मिनिटाला सुमारे ३०० लिटर हवा आत सोडते. वरच्या पेटीचं आकारमान आहे ३२४ लिटर. म्हणजे मिनिटभरात जवळपास पेटीइतकीच हवा आत ओतली जाते आणि ती धूळ घेऊन मिळेल त्या फटीतून बाहेर पडते, तुमच्या तोंडासमोर. त्यामुळे आत येते त्याच्या कितीतरी पट हवा सतत ओढून काढायला हवी. ओला-सुका वर्कशॉप व्हॅक्यूम क्लीनर हे काम करतो. घरातला झाडलोटीचा नको: त्यातल्या बऱ्याच जणांची मोटर ओढलेल्या हवेवरच थंड होते, फिल्टर तुंबला की जळते.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट. हवा काढायला भोक केलं तसं हवा आत यायलाही भोक हवं. ते नसेल तर व्हॅक्यूम बंद डब्यातून हवा ओढत बसतो, मोजे आतल्या बाजूला फुगून लाकडासारखे ताठ होतात आणि धूळ जागची हलत नाही. हवा *वाहिली* पाहिजे. आत येण्याची दोन भोकं, प्रत्येकी ५० मिमी, एका बाजूच्या भिंतीत वर, खिडकीच्या जवळ. बाहेर जाण्याचं भोक समोरच्या भिंतीत, मागच्या कोपऱ्यात वर. अशाने ताजी हवा आधी काचेवरून जाते आणि मग कामावरून धूळ उचलून निघते. दोन्ही भोकं शेजारीशेजारी केलीत तर हवा आल्या वाटेने परत जाईल.

आत येणाऱ्या भोकांना बाहेरून ९० अंशाचा एल्बो लावा, तोंड वर, त्यात फोमचा तुकडा. उडालेला कण एल्बोत शिरला तरी घरंगळून परत पेटीत पडतो. भोकांवर सरकती झाकणं हवीत, कारण ओढ जुळवायची आहे ती इथून, व्हॅक्यूमच्या बटणावरून नाही.

बाहेर जाणाऱ्या भोकासमोर ७५ मिमी अंतरावर पत्र्याची आडभिंत, बाजू आणि खाल बंद, फक्त वरून उघडी. हवेला वर चढून आत शिरावं लागतं. जड ग्रिट चढू शकत नाही, धूळ चढते. ही आडभिंत गाळलीत तर चांगला ग्रिट व्हॅक्यूमच्या पोटात जाईल. त्यापुढे बादलीवरचा सायक्लोन (हवा गोल फिरवून धूळ बादलीत पाडणारा), मग व्हॅक्यूम, त्याला अतिबारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर.

जुळणी मोज्यांवरून करा. व्हॅक्यूम सुरू, हात बाहेर: मोजे आत अलगद तरंगले तर ओढ बरोबर. ताठ उभे राहिले तर झाकणं उघडा. गन चालू केल्यावर लुळे पडले किंवा बाहेर ढकलले गेले तर ओढ कमी आहे, आधी फिल्टर पाहा. शेवटी दाराच्या कडेने अगरबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला पाहिजे, सगळीकडे.

गन आणि अर्थिंग

नोझल (गनचं बाहेरचं तोंड) ६ मिमी, जेटच्या दुपटीहून किंचित जास्त. सिरॅमिक लवकर झिजतं, बोरॉन कार्बाइड खूप टिकतं. हॉपरमध्ये ८ ते १० किलो ग्रिट पुरे. गन धापा टाकत असेल तर ग्रिट वाढवू नका. ओढनळीत (हॉपरमधून गनकडे ग्रिट नेणाऱ्या नळीत) हवा मिसळत नाहीये. ग्रिटच्या पातळीच्या वर नळीला ६ मिमीचं भोक पाडा आणि त्यावर टेप कमी-जास्त करून धार एकसारखी करा.

गनपासून जाळीला आणि जाळीपासून अर्थिंगला तांब्याची तार जोडा. प्लायवूडच्या पेटीत ती नसेल तर मोज्यातूनही झटके बसतात.

शिशाच्या रंगाचा संशय असेल ती वस्तू यात घालायचीच नाही. गंजलेलं लोखंड झाल्यावर ॲल्युमिनियम घेणार असाल तर बादली आणि फिल्टर आधी रिकामे करा: लोखंडाच्या गंजाची आणि ॲल्युमिनियमची धूळ एकत्र साठली की ठिणगीने पेट घेऊ शकते. बादली ओतताना मास्क लावा. धूळ पेटीत असते तोवर बंदिस्त असते, बादलीचं झाकण उघडलं की नसते.