दुरुस्तीनंतर गाडीचं ॲव्हरेज पडलं? आधी बिल वाचा

गॅरेजमधून आणलेली गाडी अचानक पेट्रोल जास्त प्यायला लागली, तर शोध बिलापासून सुरू करा. ज्या भागाला हात लागला, त्यातच किंवा त्याच्या शेजारी बहुतेक वेळा चूक सापडते. आधी प्लग, मग सेन्सर असं अंदाजाने बदलत गेलात तर खिसा रिकामा होतो आणि दोष जागेवरच राहतो.

ॲव्हरेज खरंच पडलंय का, ते मोजून घ्या. बॅटरी काढली गेली असेल तर डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, नेहमीच्या रस्त्याने किमान ३०० किलोमीटर चालवा आणि त्याच पंपावर तशीच टाकी भरा. किलोमीटर भागिले लिटर. टायर बदलले असतील तर साइज पाहा. १८५/६५ आर १४ च्या जागी १८५/७० आर १४ बसवले, तर घेर सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो, मीटर तितकं कमी अंतर दाखवतो आणि ॲव्हरेज नुसतं कागदावर पडतं. हल्ली सगळा दोष ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर ढकलला जातो. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते हे खरं, पण त्याने १८ चं ॲव्हरेज १३ वर येत नाही.

बिलात ब्रेकचं काम असेल तर पहिला संशय तिथेच. सपाट रस्त्यावर १०-१५ किलोमीटर शक्य तितका कमी ब्रेक मारत चालवा. थांबल्यावर प्रत्येक रिमजवळ हात न्या, पण धातूला लावू नका. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथे ब्रेक धरून राहतोय. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, जमिनीवरच्या चाकांना गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा लावा, हँडब्रेक सोडा आणि ते चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. पुढच्या चाकांना गिअरबॉक्समुळे थोडा जडपणा असतोच, म्हणून डावं-उजवं ताडून पाहा. चाक अडकत असेल तर त्या कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, किंचित सैल करा. ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर प्रेशर मागे अडकतंय: होज (ब्रेक ऑइलचा रबरी पाइप) आतून बुजलाय किंवा मास्टर सिलिंडर (पेडलमागचा ब्रेकचा पंप) ऑइल परत घेत नाही. तरीही जाम राहिलं, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा तो ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन जाम झाल्यात. पिनला ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. निपल उघडला की त्या चाकाची हवा काढणं आलंच. मागे ड्रम असतील तर हँडब्रेकची केबल जास्त ताणली नाही ना, हेही बघा.

कूलिंगचं काम झालं असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) जागेवर आहे का, हे स्पष्ट विचारा. गाडी तापू नये म्हणून तो काढून टाकण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. मग इंजिन पुरेसं गरम होत नाही आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थंड इंजिनसारखं जादा पेट्रोल देत राहतो. सकाळी गाडी सुरू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप काही मिनिटं थंड राहून मग एकदम गरम व्हायला हवा. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा नाहीच. मोबाइलला जोडायच्या ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर) हायवेला कूलंट ६५-७० अंशांवरच रेंगाळताना दिसेल.

इंजिन उघडलं असेल तर त्याच स्कॅनरवर शॉर्ट आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम पाहा, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास हवी, अधिक किंवा उणे दहा टक्क्यांच्या पलीकडे गेली की शोध घ्या. मोठा अधिक आकडा असेल तर सुटलेला व्हॅक्यूम पाइप किंवा ऑक्सिजन सेन्सरच्या आधी गळणारं एक्झॉस्ट गॅस्केट बघा. त्या फटीतून शिरलेली हवा पाहून सेन्सर पेट्रोल कमी पडतंय असं कळवतो आणि ईसीयू ते वाढवतो. टायमिंग बेल्ट किंवा चेन बसवताना एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण ओढत नाही. मोठा उणे आकडा म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, बहुधा गळका इंजेक्टर. अशा वेळी डिपस्टिकचा वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झालंय. इंजेक्टर दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत गाडी चालवू नका.