पहिल्यांदाच हॅकेथॉनला जाणाऱ्यांसाठी

जळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असताना मी पहिल्यांदा हॅकेथॉनमध्ये, म्हणजे ठरावीक तासांत प्रोग्राम तयार करण्याच्या स्पर्धेत, उतरले. आपल्याला प्रोग्रामिंग पुरेसे येत नाही या भीतीने मी नोंदणीचा अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत भरला नव्हता. पुढची दोन वर्षे मी त्याच स्पर्धेच्या आयोजनात होते आणि नोंदणीच्या टेबलावर बसल्यावर हीच भीती धुळे, शिरपूर, नंदुरबारहून आलेल्या अनेकांच्या तोंडून ऐकली. प्रोग्रामिंगची एखादी भाषा जेमतेम येत असेल आणि न समजलेले विचारण्याची तयारी असेल, तर पहिल्या स्पर्धेसाठी तेवढे भांडवल खरोखरच पुरते.

घरी सांगताना मात्र थोडी पूर्वतयारी करावी. ‘हॅक’ म्हटले की आईवडिलांना बँकेच्या खात्यातून पैसे चोरणारे आठवतात. हा शब्द ‘हॅक’ आणि ‘मॅरेथॉन’ यांच्या जोडणीतून आला असून १९९९ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे ओपनबीएसडी या संगणक प्रणालीवर काम करणारे लोक एकत्र जमले, तेव्हापासून तो वापरात आहे. ठरावीक तासांत, बहुधा २४ किंवा ३६, एखाद्या अडचणीवर चालणारे उत्तर तयार करून दाखवायचे, एवढाच त्याचा अर्थ. मुलींना रात्रभर महाविद्यालयात थांबण्यासाठी पालकांचे संमतिपत्र बहुतेक ठिकाणी लागते. ते आदल्या दिवशी मागण्याऐवजी आठवडाभर आधी मागावे आणि सोबत मुक्कामाच्या जागेची व जबाबदार प्राध्यापकांची माहिती द्यावी. माझ्या घरचा होकार त्या माहितीमुळेच मिळाला.

विद्यार्थ्यांनी चालवलेली हॅकेथॉन आणि शासकीय पातळीवरची हॅकेथॉन यांत फरक आहे. २०१७ पासून होणाऱ्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये मंत्रालये, शासकीय विभाग आणि कंपन्या आधीच समस्या जाहीर करतात आणि सहा जणांच्या संघात किमान एक विद्यार्थिनी असावी लागते. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत, जिची परंपरा २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पेनॲप्सपासून सुरू झाली असे मानतात, विषय बहुधा आपणच निवडायचा असतो. शिवाय आयोजक आपल्यापेक्षा एकदोन वर्षांनीच मोठे असतात. सभागृहाची परवानगी, प्रायोजकांकडे हेलपाटे, वाय-फाय, जनरेटर, जेवण हे सगळे त्यांनी आपल्या परीक्षा सांभाळून केलेले असते. म्हणून उद्घाटन तासभर लांबले, एखाद्या रांगेतील वीज गेली, तर रागावू नये. जवळच्या स्वयंसेवकाला शांतपणे सांगावे. तो धावत येतो, कारण ती स्पर्धा त्याची स्वतःची असते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, त्या विषयाच्या आवाक्याबद्दल. आमच्या चौघांच्या संघातील एक मित्र यावल तालुक्यातला, घरची केळीची बाग असलेला. त्या वर्षी कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे त्यांना लागण झालेली रोपे उपटून टाकावी लागली होती. पानाचा फोटो काढताच रोग ओळखणारे ॲप बनवायचे, असे आम्ही मोठ्या उत्साहाने ठरवले. सकाळी अकराला काम सुरू झाले, तेव्हा नाव ठरवणे, बोधचिन्ह काढणे आणि ॲपचा पहिला पडदा (स्क्रीन) सजवणे यांत आमचे सात तास गेले. रोगाच्या फोटोंचा संच कुठेतरी तयार मिळेल, असे आम्ही गृहीत धरले होते. संध्याकाळी प्लांटव्हिलेज हा सर्वांच्या परिचयाचा संच उतरवून घेतला. त्यात ५४ हजारांहून अधिक चित्रे आहेत, टोमॅटो आहे, बटाटा आहे, द्राक्ष आहे, केळी नाही. मित्राच्या फोनमध्ये त्याच्या बागेतले अकरा फोटो होते आणि तेवढ्यांवर कोणतेही मॉडेल, म्हणजे फोटो पाहून रोग ओळखायला शिकणारा प्रोग्राम, शिकवता येणार नव्हते.

रात्री अकराच्या सुमारास एक मार्गदर्शक आमच्या टेबलापाशी आला. त्याने आमचा कोड पाहिला नाही. तुमच्या घरी केळी विकताना रोज कोणती अडचण येते, एवढेच त्याने मित्राला विचारले. मित्राने सांगितले की जाहीर झालेला दर एक असतो, प्रत्यक्ष हातात पडणारा दुसरा; नवती, पिलबाग, वापसी असे मालाचे प्रकार निराळे आणि त्यांचे दरही निराळे; आणि हे सगळे वडील एका जुन्या डायरीत लिहितात, त्यामुळे हंगामाच्या शेवटी फरक किती पडला याचा हिशेब लागत नाही. मध्यरात्री आम्ही रोगाचा विषय सोडला. चार रकान्यांचा एक फॉर्म, त्याखाली जाहीर दर व मिळालेला दर यांतील फरक दाखवणारा एक तक्ता, इतकेच करायचे ठरले. सोडताना मला रडू आले होते, हे मी लपवणार नाही. पण सकाळी सहा वाजता तो तक्ता पहिल्यांदा योग्य आकडे दाखवू लागला, तेव्हाचा आनंद आदल्या सकाळच्या उत्साहापेक्षा कितीतरी खरा होता.

म्हणून माझा आग्रह असा की लागणारी माहिती खरोखर उपलब्ध आहे का, हे पहिल्या दोन तासांत तपासावे आणि त्यानंतरच पडदे रंगवावेत. अर्धा वेळ संपेपर्यंत कितीही ओबडधोबड असले तरी एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालले पाहिजे. गिट, म्हणजे अनेकांनी केलेले कोडमधले बदल जपून एकत्र करणारे साधन, आधी शिकून यावे, कारण चौघांनी एकच फाइल पेनड्राइव्हवरून फिरवली की शेवटच्या तासात कोणाचे तरी काम पुसले जाते. आमच्या बाबतीत ते माझे होते. आधी लिहिलेला कोड आणणे बहुतेक ठिकाणी नियमबाह्य असते. खुली लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहून सर्वांसाठी मोकळा ठेवलेला तयार कोड, चालते, मात्र ती वापरल्याचे सांगावे.

सोबत एक्स्टेंशन बोर्ड, चादर आणि पाण्याची बाटली असू द्यावी. रात्रीच्या जेवणात झणझणीत शेवभाजी असेल तर ती बेतानेच खावी, आणि तीन तास तरी झोपावे. पहाटे चारला झोपेत लिहिलेला कोड दुरुस्त करण्यात सकाळ जाते.

परीक्षणाला प्रत्येक टेबलापाशी तीनचार मिनिटेच मिळतात. त्या वेळी इंटरनेट नेमके बंद पडू शकते, म्हणून चालत्या ॲपचे पडद्यावरचे चित्रण आधीच करून ठेवावे. सुरुवात तंत्रज्ञानाच्या नावांनी न करता अडचण कोणाची आहे, येथून करावी. मी पाठ केलेल्या इंग्रजीत बोलायला लागले आणि दुसऱ्याच प्रश्नाला अडखळले. तेव्हा मित्राने परीक्षकांची परवानगी घेऊन मराठीत, आपल्या घरच्या बोलीच्या वळणाने, वडिलांच्या डायरीचे पान उघडून दाखवले. परीक्षक ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबले. इंग्रजी येत नाही म्हणून मागे राहणाऱ्या मुलांना मी हा प्रसंग मुद्दाम सांगते.

आम्हाला बक्षीस मिळाले नाही. पुढच्या आठवड्यात मित्र तो फॉर्म घेऊन घरी गेला, तर वडिलांनी पहिल्याच दिवशी विचारले की वजनातून जी वजावट होते तिचा रकाना कुठे आहे. तो आम्हा कोणालाच सुचला नव्हता. रविवारी आम्ही चौघे पुन्हा प्रयोगशाळेत बसलो आणि पाचवा रकाना जोडला.