शहराची माणसं, गावचा माळ: टिकाव मारण्याआधी पाण्याचा ठराव कसा करावा

सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण-खटावच्या कुठल्याही गावात एप्रिल-मे महिन्यात जा, पुण्या-मुंबईची एखादी टोळी टिकाव-फावडी घेऊन माळावर दिसेल. चांगलंच आहे. तीन वर्षांनी त्याच माळावर चक्कर मारा. पाणी अडवायला खणलेले चर गाळानं भरलेले, खाली दोन नवे बोअर आणि त्यांच्या जोरावर उभा ऊस. पाणी अडलं, मुरलं आणि ज्याच्याकडे पैसा होता त्याच्या पाइपातून गेलं.

या विषयावर जे सल्ले मिळतात त्यांचा मला वीट आलाय. गावाला जागृत करा म्हणे. पाणी नसलेलं गाव झोपतं कधी? तेव्हा ते सोडा आणि क्रमानं कामाला लागा.

शहरातली माणसं म्हणजे अनोळखी स्वयंसेवक, हे आधी डोक्यातून काढा. पहिल्या वर्षी गावचीच माणसं धरा. नवी मुंबईच्या बाजारातले माथाडी, पुण्यात कंपनीत असलेली पोरं, आणि खटाव-खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी, जी सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत. यांची जमीन गावात, आई-बाप गावात, विहिरीवर भाऊ. दिवाळीला सगळे घरी असतात. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बसवा. कंपन्यांचे गट, कॉलेजची मुलं दुसऱ्या वर्षी.

जागा कुणाची ते गट नंबरावरून तलाठ्याकडे बघून घ्या. वनखात्याची असेल तर लेखी परवानगीशिवाय एक टिकावही मारायचा नाही.

आता ठराव, म्हणजे अडवलेलं पाणी कुणी कसं वापरायचं याचा गावानं सह्या करून दिलेला शब्द. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि लोक नेमका हाच वगळतात. त्यांचं म्हणणं, आधी काम करू, पाणी दिसलं की लोक आपोआप शहाणे होतात. साफ खोटं. पाणी दिसलं की हाव सुटते. विहिरी कोरड्या आहेत तोवरच सगळे एका ओळीत बसतात, म्हणून ठराव तेव्हाच झाला पाहिजे.

आपल्याकडचा खडक काळा बसाल्ट. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि फुटलेल्या खडकाच्या थरात, तेही थोडंच. तुमच्या चरांनी भरला जातो तो हा थर, आणि बोअर त्यालाच भोक पाडून खाली जातो. शेजारची विहीर का आटली हे मग कुणाला सांगावं लागत नाही. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत. पण बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी केसिंग पाइप उभा असतो. कायदा हाताशी असू द्या, भिस्त मात्र गावाच्या शब्दावर ठेवा.

बैठकीत भाषण नको, शाळेच्या फळ्यावर हिशोब मांडा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. गाव हजार हेक्टरचं आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला तर ५०० कोटी लिटर. आकडा ऐकून माणसं खूश होतात. होऊ द्या. मग सांगा की यातलं बरंच उन्हानं उडतं, बरंच ओढ्यानं वाहून जातं. त्याखाली पिकं लिहा. रब्बी ज्वारीला चार-साडेचारशे मिलिमीटर पाणी लागतं, पाटपाण्यावरच्या उसाला दोन हजार आणि वर. म्हणजे ऊस लावणारा आपल्या शिवारावरचा चार वर्षांचा पाऊस एका वर्षात पितो. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला पाच हजारांवर पाऊस पडतो, पण तो पाऊस काही माणला येत नाही. एवढं फळ्यावर आलं की मागच्या रांगेतली कुजबुज थांबते.

एका बैठकीत असा हिशोब संपल्यावर दाराशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, “पैकं मुंबईचं, खड्डं आमचं, आन् पानी कुनाचं त्ये कुनीच बोलंना.” मुंबईहून आलेले तिघे चौघे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. कारण उघड होतं. श्रमदानाला सर्वात मोठी देणगी देणारा शहरातला माणूसच बहुतेक वेळा भावाला फोन करून सांगतो, ‘आण्णा, पाणी वर आलंय म्हणं, घ्या एक बोअर मारून.’ देणारा तोच आणि उपसणाराही तोच. म्हणून माझा नियम पक्का आहे: देणगीदाराची सही आधी ठरावाखाली, मग पावती पुस्तकात. सही करायला कुचरतो त्याची देणगी परत करा. लाखाची असली तरी.

ठरावात ही कलमं हवीतच. आहेत तेवढ्या बोअरची यादी नावानिशी, पुढची तीन वर्षं नवा नाही. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी आधी, मग जनावरं, मग शेती. उसाला ठिबक नसेल तर पाणी नाही. काम झालेल्या माळावर चराईबंदी. या शेवटच्या कलमावर बैठका मोडतात, कारण मेंढपाळांना कुणी बोलावलेलंच नसतं. त्यांच्या वाड्यावर जाऊन बसा, कुठला पट्टा चराईला मोकळा ठेवायचा ते त्यांनाच विचारा आणि तो ठरावात लिहा. त्यांच्याविना केलेली चराईबंदी कागदावरच राहते.

शहरवाल्यांना पाणीवाटपात मत द्यायचं का? नाही. हिशोब बघायचा हक्क पूर्ण, पाण्यावर मत गावात राहणाऱ्याचं. यावर रुसणारे रुसतात. रुसू द्या.

हे सगळं २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मंजूर करून घ्या. १ मेची वाट बघितलीत तर काम पावसात सापडेल. त्याआधी महिला सभा घ्या आणि ती खरीखुरी घ्या, सह्यांपुरती नको. हंडा ज्यांच्या डोक्यावर आहे त्या बायका एकदा बोलल्या की ग्रामसभेत बोअरवाल्यांचा आवाज निम्मा होतो.

गावानं आधी वाटप ठरवावं, ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. सांगली जिल्ह्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर बळीराजा धरण उभं केलं. शहरातले अभियंते आणि विज्ञान चळवळीतली माणसं मदतीला होती, पण सूत्र गावाचं होतं: पाण्याचा वाटा घरटी सारखा, जमीन नसलेल्यालाही. बाहेरच्यांनी कुठवर यायचं हे समजायला ते उदाहरण पुरेसं आहे.

ठराव झाला की पुढचं सोपं.

चरांची आखणी गावच्या पोरांनी हायड्रोमार्करनं (पाण्याच्या नळीनं समपातळी काढायचं साधन) आदल्या आठवड्यात करून फक्की टाकून ठेवावी. शहरातल्या माणसांना आखणी शिकवत बसू नका. काम माथ्याकडून पायथ्याकडे. चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल, माती उताराच्या बाजूला. मीटरभर चरात १८० लिटर पाणी मावतं, हे पाहुण्यांना जरूर सांगा, हात जोरात चालतात. सहाला सुरुवात, साडेनवाला बंद. त्यानंतर ऊन माणसाला लोळवतं. सत्कार, नारळ, पुढाऱ्याचं भाषण माळावर नको. भाकरी घरोघरची, किराणा शहरवाल्यांच्या खर्चानं. नाहीतर पाहुणचाराचा बोजा पुन्हा बायकांवरच पडतो.

कोरेगाव तालुक्यातलं वेळू २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेत, पहिलं आलं तेव्हापासून बक्षिसाच्या आशेनं काम करणारी गावं मी पाहतोय. बक्षीस मिळालं तर घ्या. वेळापत्रक मात्र त्यावर बेतू नका.

हिशोब यात्रेत वाचायचा. वर्गणीची यादी ज्या लाउडस्पीकरवर वाचतात त्याच्यावर, कुस्त्या लागायच्या आत. फडाकडे लोक वळले की कुणी ऐकत नाही. डिझेल किती, जेसीबीचे तास किती, शिल्लक किती. शहरातल्या ज्यांना येता आलं नाही त्यांना वहीच्या पानाचा फोटो पाठवा. पैशावरून संशय एकदा शिरला की पुढच्या वर्षी एक बसही भरत नाही.

पावसाळ्यात दोन-तीन विहिरींच्या कडेला पांढऱ्या रंगानं फुटाच्या खुणा करा आणि महिन्यातून एकदा पातळी लिहा. हे काम शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना द्या. मोठी माणसं दुसऱ्या महिन्यात विसरतात. दसऱ्यानंतरची आणि मार्चमधली पातळी शेजारी शेजारी लिहिली की कोण किती उपसतंय ते नाव न घेता कळतं.

ठरावाची मुदत तीन वर्षं. ती संपण्याआधीच्या दिवाळीत सगळ्यांना पुन्हा देवळात बसवा, ठराव मोठ्यानं वाचा आणि नव्यानं सह्या घ्या. सही करणारा वारला असेल तर मुलाची घ्या. मुलगा पुण्यात असेल तर त्याला फोन करून आधीच सांगून ठेवा.