ओपिऑइड व्यसनमुक्तीचे औषध आणि कामाची पात्रता: नव्या वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत किंवा डिचोलीच्या खाणपट्ट्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होणाऱ्या डॉक्टरसमोर कधी ना कधी असा कामगार येतो, जो ब्राउन शुगरच्या (अशुद्ध हेरॉइनच्या) व्यसनातून बाहेर पडण्यासाठी औषध घेत असतो. व्यवस्थापनाचा प्रश्न तेव्हा एकच असतो: याला फोर्कलिफ्टवर बसवायचे की नाही? केवळ औषधाचे नाव वाचून याचे उत्तर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

अशा उपचारातील नाल्ट्रेक्सोन हे औषध ओपिऑइडचा, म्हणजे हेरॉइन, मॉर्फिन यांसारख्या अफूसदृश द्रव्यांचा, परिणाम अडवते. त्याने नशा येत नाही. ब्युप्रेनॉर्फिन अंशतः आणि मेथाडोन पूर्णपणे ओपिऑइडसारखे काम करते, आणि दोन्ही शरीरात दीर्घकाळ टिकतात. मेथाडोन तर पहिले काही दिवस साचतच जाते, त्यामुळे उपचाराच्या आरंभी आणि मात्रा वाढवल्यावर गुंगीचा धोका सर्वाधिक असतो. या काळात वाहन, उंची आणि फिरती यंत्रे यांपासून कामगाराला दूर ठेवण्यास मी आग्रहाने सांगतो. मात्रा स्थिरावल्यावर गुंगी बहुधा ओसरते.

बुद्धीवरील परिणामांचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. व्यसन नसलेल्या लोकांच्या तुलनेत मेथाडोन घेणाऱ्यांचे लक्ष, कार्यस्मृती (माहिती क्षणभर मनात धरून वापरण्याची क्षमता) आणि प्रतिक्रियेचा वेग कमी असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांची कामगिरी काही अभ्यासांत त्याहून बरी दिसली आहे. परंतु पूर्वीच्या अतिमात्रेत मेंदूला न मिळालेला प्राणवायू, डोक्याला झालेली इजा, दारू, नैराश्य, अपुरी झोप यांचा वाटा औषधापासून वेगळा काढणे अवघड असते. म्हणून त्या माणसाची तुलना इतरांशी करण्याऐवजी काही आठवड्यांनी त्याच्याच आधीच्या तपासणीशी करावी. आकडे उलट क्रमाने म्हणायला लावणे किंवा महिने मागून सांगायला लावणे अशा चाचण्या उपयोगी पडतात, पण कमी शिक्षण म्हणजे कमी क्षमता असा अर्थ त्यांतून काढू नये. मेथाडोन घेणाऱ्याची तपासणी मात्रेनंतर दोन ते चार तासांनी करावी, कारण साधारण तेव्हाच रक्तातील पातळी सर्वोच्च असते. त्यानंतर प्रत्यक्ष यंत्राजवळ उभे राहून त्याचे काम पाहावे.

अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम अशा गुंगी आणणाऱ्या गोळ्या आणि दारू यांविषयी आवर्जून विचारावे. मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनबरोबर त्या किंवा दारू घेतल्यास गुंगी वाढतेच, श्वासही मंदावू शकतो.

मूत्रचाचणीबाबत एक तांत्रिक गोष्ट ठाऊक असायला हवी: ओपिएटची (अफूजन्य द्रव्यांची) साधी पट्टी प्रामुख्याने मॉर्फिन ओळखते, ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनसाठी वेगळ्या पट्ट्या लागतात. शिवाय ही पट्टी औषध शरीरात असल्याचे सांगते, माणूस गुंगीत आहे की नाही हे नव्हे.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती "आधी औषध बंद कर, मग कामावर ये" या सल्ल्याची. औषध तोडल्यावर व्यसन उलटण्याची शक्यता वाढते, आणि शरीराची सहनशक्ती घटलेली असल्याने नशेची पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. अनेक केंद्रांवर औषध समोर बसवून दिले जाते. त्यामुळे पहिली पाळी आणि केंद्राची वेळ एकमेकांवर आली, तर पाळी बदलून देण्याची शिफारस करावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 हा व्यसनाशी निगडित मानसिक स्थितींनाही लागू होतो आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाशी कामगाराच्या लेखी संमतीनेच बोलावे. प्रमाणपत्रावर औषधाचे किंवा आजाराचे नाव न घालता पात्रता, कामावरील मर्यादा आणि पुनर्तपासणीची तारीख एवढेच लिहावे.