राहतं घर गिऱ्हाईकाला दाखवण्याआधी

भिंतीवरची ओल नुसता रंग मारून झाकू नका. आत पाणी अडकलं की काही आठवड्यांत त्याच जागी पोपडे धरतात आणि घेणाऱ्याला वाटतं, आपल्याला फसवलं. आधी गळती शोधा. बहुतेकदा ती बाथरूमच्या नहाणी ट्रॅपशी (फरशीतल्या जाळीखालचं, पाणी साठवून गटाराचा वास अडवणारं भांडं) किंवा टाइल्सच्या सांध्यांत सापडते. ती बंद करून भिंत पूर्ण वाळू द्या, मगच खरवडून पुट्टी, प्रायमर, रंग.

नळांवरचे क्षारांचे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन निघतात. कापड भिजवून पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा. कडाप्पा किंवा संगमरवरावर मात्र थेंबही नको, चकाकी जाते.

वापरात नसलेल्या बाथरूममध्ये ट्रॅपमधलं पाणी आटून गटाराचा वास येतो. आदल्या रात्री अर्धी बादली पाणी ओता, बास.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेगडी आणि पाण्याचं पिंप एवढंच ठेवा. दाराआडचे कपडे, फ्रीजवरच्या पिशव्या, बाल्कनीतली वाळत घातलेली धुणी हलवा. पण सामान माळ्यावर कोंबू नका, लोक माळा उघडून बघतातच! देव्हारा आहे तिथेच, नीट पुसून राहू द्या.